चिनी म्हणीतला हत्ती रिद्धपूरच्या पोथीत कसा? ज्यांचे दृष्टांत ७०० वर्षं टिकले, त्या चक्रधर स्वामींची गोष्ट

चिनी भाषेत चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आहे. त्याचा उच्चार साधारण 'मांग रन मो श्यांग' असा होतो आणि शब्दशः अर्थ 'आंधळे हत्ती चाचपतात'. एखाद्या गोष्टीचा एकच तुकडा हाती आलेला माणूस सगळं कळल्यासारखं बोलू लागला, की चिनी माणूस त्याच्यासाठी ही चार अक्षरं वापरतो. इंग्रजी शब्दकोशात याचा अर्थ 'अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढणे' असा मिळतो. अर्थ बरोबरच आहे, पण त्यातून हत्ती गेला आणि गोष्टही गेली.

हीच गोष्ट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेल्या एका जुन्या मराठी ग्रंथातही आहे. ग्रंथाचं नाव 'दृष्टांतपाठ'. त्यातले दृष्टांत सांगणारे होते महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्री चक्रधर स्वामी. भडोचमध्ये जन्मलेला एक राजपुत्रासारखा वाढलेला तरुण वऱ्हाडात कसा आला, त्याने मराठीच का निवडली आणि त्याचं बोलणं आपल्यापर्यंत कसं पोहोचलं, हे समजून घेऊया.

आधी हे पाहू : चिनी वाक्प्रचार म्हणजे नेमकं काय?

चिनी भाषेत अशा वाक्प्रचारांना 'छंग-यू' म्हणतात. बहुतेक छंग-यू चार अक्षरांचे असतात आणि अनेकांच्या मागे जुन्या ग्रंथातली एखादी गोष्ट असते. गोष्ट ठाऊक नसेल तर चार अक्षरं वाचूनही अर्थ लागत नाही. काही उदाहरणं बघा.

- विहिरीच्या तळाचा बेडूक : ही गोष्ट च्वांगत्स या प्राचीन चिनी ग्रंथातली. विहिरीतून दिसतं तेवढंच आकाश, असं मानणारा माणूस. आपल्याकडे यासाठी 'कूपमंडूक' हा शब्द तयारच आहे.
- गाईपुढे वीणा वाजवणे : ज्याला कळणार नाही त्याला सांगत बसणे. मराठीत हेच काम गाढव आणि गीता करतात, तर इंग्रजीत डुकरं आणि मोती.
- सापाला पाय काढणे : सापाचं चित्र काढायची पैज लागली. एकाचं चित्र सर्वांत आधी झालं. वेळ उरला म्हणून त्याने सापाला पाय काढले आणि हातातली पैज घालवली. नको तिथे भर घालणाऱ्यासाठी हा वाक्प्रचार.
- खुंटाशी बसून सशाची वाट पाहणे : शेतातल्या खुंटावर आपटून एक ससा मेला. शेतकऱ्याला आयती शिकार मिळाली. मग त्याने नांगर टाकला आणि दुसरा ससा येईल म्हणून तिथेच बसून राहिला. ही गोष्ट हान फेइत्स या ग्रंथातली. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण याच्या जवळ जाते.

म्हणजे छंग-यूचे तीन थर असतात. वर चार अक्षरं, त्याखाली गोष्ट आणि गोष्टीखाली तात्पर्य. भाषांतर करताना बहुतेक वेळा फक्त तात्पर्य पुढे जातं.

'दृष्टांतपाठा'ची रचनाही तीन थरांची आहे. आधी सूत्र म्हणजे मूळ छोटं वचन, मग दृष्टांत म्हणजे रोजच्या जगण्यातली गोष्ट आणि शेवटी दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतून काय घ्यायचं ते. असे ११४ दृष्टांत या ग्रंथात आहेत.

चक्रधर स्वामी मूळचे कुठले?

महानुभाव परंपरेनुसार त्यांचा जन्म गुजरातमधल्या भडोचचा. मूळ नाव हरिपाळदेव. वडील विशाळदेव राजाचे प्रधान, आई माल्हणदेवी. पत्नीचं नाव कमळाइसा. जन्मसालाबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पंथात मात्र भाद्रपद शुद्ध द्वितीया हा त्यांचा अवतारदिन मानला जातो.

पंथाची श्रद्धा अशी, की तरुण हरिपाळदेवांचं निधन झालं आणि त्याच वेळी द्वारकेच्या चांगदेव राऊळांनी त्यांच्या देहात प्रवेश केला. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी म्हणजेच चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर असे पाच अवतार महानुभाव मानतात. त्यांना 'पंचकृष्ण' म्हणतात.

हरिपाळदेवांना द्यूताचा नाद होता. एकदा ते मोठी रक्कम हरले. देणं चुकवण्यासाठी पत्नीकडे दागिने मागितले, तेव्हा तिने नकार दिला. या प्रसंगानंतर त्यांचं मन संसारातून उडालं, असं चरित्रात येतं. रामटेकच्या यात्रेला जातो, असं सांगून ते घराबाहेर पडले. वाटेत सोबतची माणसं मागे राहिली आणि ते एकटेच पुढे निघाले.

रिद्धपुरात काय घडलं?

ही वाट त्यांना रिद्धपूरला घेऊन आली. आज हे गाव अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. तेव्हा तिथे गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. गावातल्या बाजारात, गल्लीत, कुणाच्याही घरी ते मनात येईल तसे फिरत. कुणाला ते वेडे वाटत, कुणाला देव. गोरगरीब बायाबापड्यांचा मात्र त्यांच्यावर जीव होता.

परंपरा सांगते, की गोविंदप्रभूंनी हातातल्या शेंगोळ्यांचा प्रसाद या पाहुण्याला दिला आणि त्या क्षणी हरिपाळदेवांना ज्ञान झालं. राजवाड्यात वाढलेल्या माणसाला गुरू भेटला तो गावच्या बाजारात, आणि दीक्षा मिळाली ती खाण्याच्या साध्या जिनसातून. चक्रधरांच्या पुढच्या सगळ्या बोलण्यावर या भेटीची छाप दिसते. मोठी गोष्ट सांगायला त्यांनी नेहमी हाताशी असलेल्या लहान वस्तूच उचलल्या.

रिद्धपूरहून ते सालबर्डीला गेले. मोर्शी तालुक्यातच, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेलं हे ठिकाण. तिथल्या डोंगरात त्यांनी १२ वर्षं एकांतात काढली, असं मानलं जातं. नंतर ते आंध्राकडे गेले आणि पुन्हा महाराष्ट्रात आले. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार आणि मेहकर, अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातलं आलेगाव ही त्यांची चरणांकित स्थानं मानली जातात. आजही भाविक तिथे जातात.

या एकट्या भटकंतीतली एक लीळा प्रसिद्ध आहे. शिकाऱ्यांनी मागे कुत्रे सोडलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. शिकारी ससा मागू लागले. स्वामींनी शरण आलेल्या जीवाला परत दिलं नाही आणि शिकाऱ्यांना हिंसेबद्दल समजावलं. चिनी गोष्टीतला ससा खुंटावर आपटून मरतो आणि आळशी माणसाची फजिती सांगतो. मराठी गोष्टीतला ससा वाचतो आणि अहिंसा सांगतो. प्राणी एकच, पण दोन भाषांनी त्याला दोन वेगळी कामं दिली.

पंथ कधी सुरू झाला आणि त्यात वेगळं काय होतं?

१२६७ मध्ये चक्रधर स्वामींनी पैठणला संन्यास घेतला. महानुभाव पंथाची सुरुवात इथून मोजतात. देवगिरीच्या यादवांचं राज्य तेव्हा भरात होतं. पुढची साधारण सात वर्षं स्वामी गोदावरीच्या काठाने गावोगाव फिरले. नागदेवाचार्य म्हणजे भटोबास, बाइसा, महदाइसा, विद्वत्तेचा मोठा अभिमान असलेले म्हाइंभट अशी माणसं या काळात त्यांच्याभोवती जमली.

त्यांच्या शिकवणीतल्या चार गोष्टी त्या काळी धक्कादायक होत्या.

- स्त्रियांना संन्यास : बायकांना पुरुषांसारखाच मोक्षाचा अधिकार आहे, असं ते मानत. महदाइसेचे 'धवळे' आज मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना म्हणून ओळखले जातात.
- विटाळ नाकारला : मासिक पाळी हा शरीरातून बाहेर पडणाऱ्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, त्यात विटाळ कसला, अशी त्यांची भूमिका होती. ही मांडणी ७५० वर्षांपूर्वीची आहे, हे लक्षात घ्या.
- भिक्षेत जात नाही : अनुयायांनी भिक्षा मागताना घराची जात पाहू नये.
- कर्मकांडाऐवजी एका परमेश्वराची भक्ती : अनेक देवता, व्रतं आणि उद्यापनं यांत माणसाने अडकू नये.

याच काळात यादवांच्या दरबारातले हेमाद्री पंडित 'चतुर्वर्गचिंतामणी' हा संस्कृत ग्रंथ रचत होते. व्रतं, दानं आणि तीर्थं यांचा तो प्रचंड कोश आहे. एकीकडे व्रतांचा कोश होता आणि दुसरीकडे व्रतांची गरजच नाही असं मराठीत सांगत फिरणारा संन्यासी. या दोन विचारांचं पटणं अवघड होतं.

भडोचच्या माणसाने मराठीच का निवडली?

चक्रधरांची मातृभाषा गुजराती. विद्वानांशी वाद घालायला लागणारं संस्कृतही त्यांच्यापाशी होतं. तरी उपदेशासाठी त्यांनी मराठी घेतली आणि अनुयायांनाही महाराष्ट्रातच राहायला सांगितलं. कारण सरळ होतं. समोर बसलेले लोक शेतकरी होते, गुराखी होते, म्हाताऱ्या बाया होत्या. त्यांना कळेल ती भाषा, म्हणजे मराठी.

या लोकांना तत्त्वज्ञान समजवायचं तर सूत्र पुरत नाही, गोष्ट लागते. म्हणून दृष्टांत आले. शालेय पाठ्यपुस्तकातून अनेकांच्या ओळखीचा झालेला 'कीर्ती कठिया'चा दृष्टांत घ्या. देवळाची झाडलोट करणारा एक सेवेकरी होता. सडा घालायचा, देवाचं सगळं नीट करायचा. येणारे-जाणारे त्याचं कौतुक करू लागले. मग तो कौतुकासाठी आणखी राबू लागला. शेवटी त्याच्या पदरात काय पडलं? फक्त कीर्ती. सेवेचं फळ हुकलं. आजच्या भाषेत सांगायचं तर काम लाइक्ससाठी होऊ लागलं, की हातात लाइक्सच राहतात.

हत्ती रिद्धपूरला कुठून आला?

आता सुरुवातीच्या हत्तीकडे वळू. 'दृष्टांतपाठा'त तो असा येतो. गावात हत्ती येतो. जन्मांध माणसं त्याला पाहायला, म्हणजे चाचपायला जातात. ज्याच्या हाती पाय लागतो त्याला हत्ती खांबासारखा वाटतो. ज्याच्या हाती कान येतो त्याला सुपासारखा. शेपटी धरणारा खराट्याची उपमा देतो. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं असतं, पण पुरा हत्ती कुणाच्याच हाती आलेला नसतो. परमेश्वराबद्दल वेगवेगळी मतं मांडणाऱ्यांचंही असंच होतं, हे त्याचं तात्पर्य.

ही गोष्ट चक्रधरांच्याही कितीतरी आधीची आहे. पाली भाषेतल्या 'उदान' या बौद्ध ग्रंथात ती आहे. तिथेही कानाला सुपाचीच उपमा आहे. जैन विचारात अनेकांतवाद समजावताना ती सांगतात. संस्कृतात तिला 'अंधगजन्याय' असं नावच आहे.

चीनमध्ये ती पोहोचली बौद्ध ग्रंथांबरोबर. भारतीय भिक्षू धर्मक्षेम यांनी 'महापरिनिर्वाण सूत्रा'चं चिनी भाषांतर इसवी सन ४२१ च्या सुमारास केलं. चिनी वाक्प्रचार तिथून आला. त्या चिनी मजकुरातही हत्तीचा कान सुपासारखा आणि सोंड मुसळासारखी आहे. धान्य पाखडणारं आणि कांडणारं घर चीनमध्येही होतं आणि वऱ्हाडातही. म्हणून भाषांतरात ना सूप हरवलं, ना मुसळ.

तात्पर्य मात्र प्रत्येक ठिकाणी थोडं बदललं. बौद्ध ग्रंथात गोष्टीचा रोख आपसात भांडणाऱ्या पंथांवर आहे. चिनी वाक्प्रचारात धर्म मागे पडला आणि अर्धवट माहितीवर बोलणारा कुणीही माणूस त्यात बसू लागला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी कवी जॉन गॉडफ्री सॅक्स यांनी यावर कविता लिहिली आणि इंग्रजी वाचकांना हत्ती भेटला तो मुख्यतः तिच्यातून. चक्रधरांच्या तोंडी ही गोष्ट परमेश्वराच्या पूर्ण स्वरूपाकडे बोट दाखवते. त्यामुळे हत्तीचा एका ओळीत अर्थ देणारा शब्दकोश स्वतःच त्या आंधळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

स्वामींनंतर त्यांचं बोलणं कुणी वाचवलं?

पंथाच्या परंपरेनुसार १२७४ मध्ये चक्रधर स्वामी उत्तरेकडे निघून गेले. दरबारातल्या प्रभावी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. त्यांच्या अखेरच्या दिवसांबद्दल पंथाची श्रद्धा आणि काही अभ्यासकांची मांडणी वेगवेगळी आहे.

स्वामींनी स्वतः एक ओळही लिहून ठेवली नव्हती. पोरके झालेले शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ आले. तिथेच मराठीतलं एक अनोखं काम सुरू झालं.

म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचं, विचारायचं, पडताळायचं आणि एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी असतील तर दोन्ही नोंदवायच्या. आज बातमीदाराला शिकवतात तीच ही पद्धत. यातून 'लीळाचरित्र' तयार झालं. रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या परिसरात, १२७८ च्या सुमारास. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून तो मानला जातो. मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी पाठांतरातून तो पुन्हा उभा केला, असं परंपरा सांगते.

केशिराजबास म्हणजे केसोबास हे संस्कृतचे पंडित. त्यांनी 'लीळाचरित्रा'तली स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ बांधला आणि दृष्टांत वेगळे काढून 'दृष्टांतपाठ'.

केसोबासांना संस्कृतात लिहू दिलं नाही, ते का?

या कहाणीतला कळीचा निर्णय इथे आहे. केसोबासांनी संस्कृतात 'रत्नमालास्तोत्र' रचलं होतं. स्वामींच्या चरित्राचं आणखी लेखन संस्कृतात करायचा त्यांचा विचार होता. त्या काळी ग्रंथाला देशभर मान हवा असेल तर संस्कृतच हवं. आजच्या इंग्रजीसारखाच तो हिशेब होता.

नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आणखी एका प्रसंगी शिष्य संस्कृतात प्रश्न विचारू लागले, तेव्हा स्वामींनी आपल्याला मराठीतच शिकवलं आहे, तुमचं संस्कृत मला नको, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. केसोबास विद्वान होते, तरी त्यांनी ऐकलं. 'दृष्टांतपाठ' मराठीत राहिला.

मग हे ग्रंथ इतकी शतकं लोकांना का माहीत नव्हते?

इथे कहाणी उलटी फिरते. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. 'सकळ लिपी' ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. यात एका अक्षराच्या जागी ठरवलेलं दुसरं अक्षर येतं. इंजिनीअरिंगच्या भाषेत हा सरळ सायफर. ग्रंथांचं पावित्र्य जपावं आणि मजकुरात कुणी भेसळ करू नये, हा हेतू सांगितला जातो.

मजकूर टिकला, पण बंद पेटीत. म्हाताऱ्या बायांना कळावी म्हणून मराठीत राहिलेली गोष्ट आता पंथाबाहेरच्या कुणालाच वाचता येईना. बाहेर गैरसमज वाढले. याच काळात पंथ मात्र दूरवर गेला. पंजाबात 'जयकृष्णी' या नावाने तो रुजला आणि काबूलपर्यंत पोहोचला. तिथले अनुयायी धर्मग्रंथ म्हणून मराठी पोथ्या वाचत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या दाखवल्या. पुढचं मोठं काम विदर्भातल्या अभ्यासकांनी केलं. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलमध्ये जन्मलेले वि. भि. कोलते. कोलते यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं.

इंग्रजीत हे किती पोहोचलं?

अमेरिकी अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचं इंग्रजी भाषांतर १९८३ मध्ये आणलं. पाठोपाठ गोविंदप्रभूंच्या रिद्धपूरमधल्या लीळाही इंग्रजीत आल्या. 'लीळाचरित्रा'चं त्यांनी केलेलं भाषांतर 'गॉड ॲट प्ले' या नावाने मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या मालिकेत आलं आहे. त्यात मूळ मराठी आणि इंग्रजी समोरासमोर छापलेलं आहे. अर्थ पाहताना मूळ गोष्ट नजरेआड होत नाही, हा त्याचा फायदा.

आज याचं महत्त्व काय?

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ व्हावं, ही मागणी अनेक वर्षांची. २०२३ मध्ये त्यासाठी कायदा झाला. २०२४ मध्ये महानुभाव साहित्याचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या भाषेच्या जुनेपणाची गोष्ट 'लीळाचरित्रा'शिवाय पूर्ण होत नाही.

पण खरा प्रश्न वऱ्हाडातल्या घराघरातला आहे. छंग-यू चीनमध्ये टिकले, कारण शाळेत मुलांना वाक्प्रचाराबरोबर त्यामागची गोष्टही शिकवतात. आपल्याकडे म्हणी आणि वाक्प्रचार उरतात ते 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या दोन गुणांच्या प्रश्नापुरते. अर्थ पाठ होतो, गोष्ट सुटते. शिवाय सूप, मुसळ आणि खराटा पाहिलेलं पोर आता शोधावं लागतं. सूपच माहीत नसेल, तर हत्तीचा कान सुपासारखा म्हणजे कसा, हे त्याला पुन्हा समजवावं लागेल.

चक्रधरांनी एकही ओळ लिहिली नाही, तरी ११४ गोष्टी उरल्या. ऐकणाऱ्यांना त्या कळल्या होत्या म्हणून त्या लक्षात राहिल्या आणि लक्षात राहिल्या म्हणून लिहिल्या गेल्या. घरातल्या आजीला एखादी म्हण विचारली, तर अर्थावर थांबू नका. ती म्हण पडली कशी, हेही विचारा.